प्रवासाची बांधाबांध

इतिहास लिहिणाराची दृष्टी बहुधा मुक्कामावर असते. वाटेकडे ती वळलीच तर स्वाराच्या तलवारीवर जाते, मागून येणाऱ्या बैलाच्या पाठीवरील पडशीवर जात नाही. अमुक सरदार अमुक दिवशी अमुक ठिकाणी पोहोचला, एवढे आपणांस ठाऊक होते. परंतु त्याच्या कुटुंबातील माणसांनी त्या वाटेवर काय खाल्ले, पाणी कोठले प्याले, रात्री अंगाखाली काय अंथरले, आणि हे सर्व निघण्यापूर्वी आठवून आठवून कोणी बांधले, याचा बखरीत पत्ता नसतो. वस्तुतः बांधलेल्या बोचक्याइतका प्रामाणिक कागद दुसरा सापडावयाचा नाही. माणूस पत्रात अतिशयोक्ती करील, हिशेबात दोन आणे लपवील. पण प्रवासास निघताना बरोबर काय घ्यावे या बाबतीत तो स्वतःशी खोटे बोलत नाही. वाटेत जे मिळेल असा त्याला भरवसा असतो ते तो घरी ठेवतो. ज्याचा भरवसा नसतो ते पाठीवर घेतो. ओझे हे अशा रीतीने अविश्वासाचे माप होय. या मापाने गेल्या तीनशे वर्षांतील महाराष्ट्रीय कुटुंबाच्या प्रवासाकडे पाहावे, आणि त्यातून सुटीच्या दिवसांत पेट्या भरणाऱ्या आजच्या गृहस्थास काही घेण्यासारखे निघते का ते तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रेल्वे येण्यापूर्वी काशीस जाणे हे काही महिन्यांचे काम होते. कोकणातून निघणारास आधी घाट चढावयाचा, मग नर्मदा ओलांडावयाची, पुढे माळवा व बुंदेलखंड तुडवावयाचे. अशा प्रवासाची आखणी वस्तूंपासून सुरू होत नसे. पहिला विचार ऋतूचा. पावसाळ्यात नद्यांना उतार नसे; म्हणून दसरा उलटला, पाणी ओसरले, की निघण्याच्या गोष्टी. दुसरा विचार सोबतीचा. वाटमारीचे भय असल्यामुळे एकटे कुटुंब सहसा निघत नसे. गावोगावची माणसे मिळून संग होई. तिसरा विचार मागे राहणाऱ्या घराचा. देणेघेणे मिटवावयाचे, जमिनीची व्यवस्था भाऊबंदांवर सोपवावयाची, आणि गेलेले माणूस परत येईलच असे गृहीत न धरता निरोप घ्यावयाचा. चौथा विचार पैशाचा. रोकड बाळगणे धोक्याचे. म्हणून ऐपतदार लोक सावकाराकडे रक्कम भरून दूरच्या शहरातील पेढीवरची हुंडी घेत, आणि वाटखर्चापुरती नाणी तेवढी कमरेच्या कशात ठेवीत. या चार गोष्टी ठरल्या म्हणजे मग पाचवी, ती बांधाबांध. आज आपण बहुधा उलट्या क्रमाने चालतो. कपडे आधी भरतो, आणि पावसाचा, औषधाचा व घराच्या किल्लीचा विचार दाराला कुलूप लावताना करतो. पूर्वजांचा क्रमच अधिक शहाणपणाचा होता, असे आम्हांस वाटते.

बांधाबांधीत मुख्य भाग शिदोरीचा. शिदोरीत दोन शास्त्रे एकत्र नांदत असत. एक टिकाऊपणाचे आणि दुसरे सोवळ्याचे. पहिल्या दिवसासाठी भाकरी व सुकी भाजी, दुसऱ्या दिवसासाठी दशम्या, त्यापुढे लाडू, चिवडा, मेतकूट आणि लोणचे, आणि अगदी लांबच्या वाटेसाठी कोरडे पीठ व डाळतांदूळ; म्हणजे ज्यात पाण्याचा अंश अधिक तो पदार्थ आधी संपवावयाचा, असा हा सरळ हिशेब होता. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधाने भिजवीत, त्यामुळे ती वाटेत खाण्यास चालते अशी समजूत होती. घरातील वृद्धांना परक्या हातचे अन्न चालत नसे, परक्या विहिरीचे पाणी चालत नसे. मग भांडी आपली, पीठ आपले, सोवळ्याचे वस्त्र आपले, आणि चुलीसाठी तीन दगड तेवढे वाटेवरचे! बैलावर लादलेल्या त्या ओझ्यात निम्मा भाग भुकेचा असेल, पण उरलेला निम्मा शेजाऱ्याविषयीच्या संशयाचा होता, हे नाकारता येणार नाही.

हे ओझे हलके करण्याचा एक मार्ग आमच्या लोकांस फार पूर्वीपासून ठाऊक होता, तो म्हणजे वाटेवरच सोय करून ठेवणे. अहिल्याबाई होळकरांनी (मृत्यू १७९५) दूरदूरच्या तीर्थांच्या ठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली, त्यांचे कौतुक आपण दानधर्म म्हणून करतो. परंतु प्रवाशाच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक विहिरीने त्याच्या पाठीवरची एक पखाल उतरविली, आणि प्रत्येक अन्नछत्राने एका दिवसाचे पीठ. कोठल्याही राज्याच्या कारभाराची परीक्षा करावयाची झाल्यास त्यातून जाणाऱ्या गरीब यात्रेकरूचे गाठोडे किती जड आहे ते पाहावे.

थोरामोठ्यांच्या घरचा प्रवास अर्थातच निराळा. पहिल्या बाजीरावाची मातुश्री राधाबाई १७३५ साली उत्तरेच्या यात्रेस निघाली आणि १७३६ साली परतली. उदेपूर व जयपूर येथील राजांनी तिचा सत्कार केला. इतकेच नव्हे, तर काही वर्षांपूर्वी बुंदेलखंडात बाजीरावाकडून पराभव पावलेल्या महंमदखान बंगशानेही तिला सन्मानाने वागविले. त्या यात्रेतील सर्वांत मोलाची वस्तू कोणत्याही पेटीत नव्हती. मुलाचा दरारा आणि ठिकठिकाणच्या दरबारांशी आधी झालेली बोलणी हीच तिची शिदोरी. परंतु हीच खात्री पुढे किती घातक ठरली तेही लक्षात ठेवले पाहिजे. १७६० साली सदाशिवरावभाऊ परतुडाहून उत्तरेकडे निघाला, तेव्हा फौजेबरोबर कुटुंबे होती, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. भाऊची पत्नी पार्वतीबाईही होती. जड सामान व बायकामुले मागे सुरक्षित ठेवून सडे व्हावे, असा सल्ला सुरजमल जाटाने दिला आणि तो मानला गेला नाही, असे त्या काळच्या हकिकतींत सांगितले आहे. पानिपताच्या पराभवाची कारणे अनेक आहेत, आणि ती सारी या बोचक्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि १४ जानेवारी १७६१ च्या आधी आठवडेच्या आठवडे उपाशी छावणीत जी तोंडे अन्न मागत होती, त्यांत न लढणारांची संख्या फार मोठी होती, हे खरेच आहे. जे ओझे घरी ठेवता येत होते ते बरोबर घेतल्याचा इतका दारुण दाखला आमच्या इतिहासात दुसरा नाही.

सामान्य गृहस्थाच्या प्रवासाचे चित्र पाहावयाचे तर विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हाती घ्यावा. पेण तालुक्यातील वरसईचे हे भिक्षुक घराण्यावरील कर्ज फेडावे या हेतूने १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे गेले, आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांनी ही हकिकत पुढे लिहून काढली व ती १९०७ साली भारताचार्य वैद्यांनी छापून प्रसिद्ध केली. दक्षिणेत मिळालेले द्रव्य लुटारूंनी वाटेत हिरावून नेले. परंतु आईबापांस स्नान घालावे म्हणून घेतलेली गंगोदकाची कावड त्यांनी खांद्यावरून घरापर्यंत आणली. जातानाची यादी आणि येतानाची यादी यांत किती फरक पडतो पाहा! प्रवासाची आखणी करणाराने परतीच्या ओझ्यासाठी जागा राखून ठेवावी, हा नियम आम्ही या कावडीपासून शिकतो.

गोडसे भटजी घाटवाटा तुडवीत असता इकडे लोखंडी रस्ता पुढे सरकत होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी २१ मैलांची पहिली गाडी धावली. १८६३ मध्ये बोरघाट, १८६५ मध्ये थळघाट रेल्वेने चढला. १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता असा सलग मार्ग झाला, आणि १८८७ मध्ये काशीजवळ गंगेवर पूल उभा राहिला. महिन्यांची यात्रा दिवसांवर आली. संगाची गरज उरली नाही, वाटमाऱ्यांचे भय सरले, आणि दसऱ्याची वाट पाहण्याचे कारण संपले. मुहूर्ताची जागा वेळापत्रकाने घेतली. ही अदलाबदल वाटते तितकी सोपी नव्हती. कारण रेल्वे बरीच वर्षे मद्रासच्या वेळेने चाले, आणि ती वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे असे. १९०६ साली सर्व हिंदुस्थानासाठी एक वेळ ठरली, तरी मुंबई शहराने आपली जुनी वेळ पुढे १९५५ च्या सुमारापर्यंत धरून ठेवली. गाडीच्या वेळेआधी तासभर फलाटावर जाऊन बसणाऱ्या आजोबांची आपण थट्टा करतो. परंतु ज्या पिढीने एका शहरात दोन घड्याळे पाहिली तिला ही सवय लागली असल्यास नवल नाही.

आश्चर्य असे की, प्रवास लहान झाला तरी ओझे लहान झाले नाही. बैलाच्या पाठीची मर्यादा गेली, हमालाचे डोके मिळाले. आणि पडशीच्या जागी पत्र्याची ट्रंक, सतरंजीत गुंडाळलेली वळकटी, पुढे पट्ट्यांचा होल्डॉल, फळांची करंडी, डब्यांची चळत आणि फिरकीचा तांब्या असा संसार डब्यात चढू लागला. बाकावर गादी नाही, म्हणून वळकटी. फलाटावरचे अन्न चालत नाही, म्हणून डबे. आणि पाण्याचा विटाळ होईल म्हणून फिरकीचे झाकण! गाडीने सर्व जातींची माणसे एका बाकावर आणून बसविली खरी, पण त्यांच्या तांब्यांची झाकणे तिला उघडता आली नाहीत. स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी निरनिराळी व्यवस्था स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत चालू होती.

याच काळातील दोन प्रवास शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. १९०२ साली गांधीजी कलकत्त्याहून राजकोटास तिसऱ्या वर्गाने निघाले. वाटेत काशी, आग्रा, जयपूर व पालनपूर येथे एकेक दिवस थांबावयाचे होते. बारा आण्यांची एक कॅनव्हासची पिशवी. तीत लोकरीचा एक लांब कोट, एक धोतर, एक पंचा व एक सदरा. शिवाय पांघरावयास एक घोंगडी आणि पाण्याचा एक तांब्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना धातूचा एक डबा दिला आणि तो लाडू व पुऱ्यांनी भरून दिला. भाड्यासह सगळा खर्च ३१ रुपयांच्या पलीकडे गेला नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. प्रवासाच्या सामानाची याहून नेटकी यादी आमच्या पाहण्यात नाही. धर्मशाळेचे दार उघडेल, विहिरीवर दोर मिळेल, पंड्या जागा देईल, या भरवशावर ती उभी होती.

दुसरा प्रवास त्याच्या आदल्याच वर्षाचा. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुटीत साताऱ्याहून चार मुले गोरेगावी वडिलांना भेटावयास निघाली. त्यांतले एक भीमराव आंबेडकर. जाण्याचा आनंद मोठा होता. नवे कपडे शिवले होते, डोक्यावर नक्षीच्या टोप्या होत्या, पायांत नवे जोडे होते. शेजारच्या बाईने वाटेसाठी भरपूर खाणे करून दिले होते. मुलांनी आगाऊ पत्रही पाठविले होते. म्हणजे ज्याला आपण उत्तम आखणी म्हणतो तीत काही उणे नव्हते. मसूर स्टेशनावर उतरल्यावर कोणीच न्यावयास आलेले नाही असे दिसले. पत्र वडिलांच्या हाती पोहोचलेच नव्हते. मुले महार आहेत हे कळताच गाडीवाले त्यांना बसवून घेईनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकावी या अटीवर. रात्र झाली. डबा अन्नाने भरलेला. परंतु पिण्यास पाणी मिळेना, कारण ते देण्यास कोणी तयार नव्हते. पाण्यावाचून घास उतरेना, आणि भरल्या डब्याशेजारी ती मुले उपाशी निजली. बाबासाहेबांनी ही हकिकत पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

या दोन याद्यांत वस्तूंचा फरक शोधू गेल्यास उलट मुलांचीच यादी भरगच्च दिसते. जी गोष्ट गांधीजींना पिशवीत घालावी लागली नाही ती मुलांना पिशवीत घालता येण्यासारखी नव्हती. पाण्यावरचा हक्क कोणत्याही आईला, कोणत्याही शेजारणीला डब्यात भरून देता येत नाही. तो वाटेवरच असावा लागतो. १९२७ साली महाडास चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले, त्याचा विचार करताना मसूरच्या त्या रात्रीचे स्मरण ठेवले म्हणजे त्या ओंजळीचे वजन कळते. अहिल्याबाईंच्या विहिरींविषयी आम्ही वर जे लिहिले त्यास ही पुरवणी जोडणे भाग आहे. विहीर बांधली जाते तेव्हा प्रवाशाचे अर्धे ओझे उतरते. ती सर्वांना मोकळी होते तेव्हा उरलेले.

तीर्थयात्रेच्या जोडीला हवापालटाची चाल पडली ती इंग्रजी अमदानीत. महाबळेश्वर १८२८-२९ च्या सुमारास वसले. माथेरान १८५० साली मॅलेट नावाच्या कलेक्टराच्या नजरेस आले, आणि १९०७ साली नेरळाहून वर लहान आगगाडी चढू लागली. देवाच्या कारणावाचून, केवळ थंड हवेसाठी सहकुटुंब निघणे ही कल्पना मध्यमवर्गात हळूहळू रुजली. माथेरानात आजही मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, आणि तेथून पुढे सामान घोड्यावर किंवा हमालाच्या डोक्यावरून जाते. आमच्या मते प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी तेथे जावे. हवेसाठी तर जावेच, पण आपण घरून काय काय उचलून आणले आहे ते दुसऱ्याच्या मानेवर पाहण्यासाठीही जावे. पेटीला चाके लावण्याची युक्ती तशी फार अलीकडची. बर्नार्ड सॅडो या अमेरिकनास तिचे पेटंट १९७२ साली मिळाले, आणि उभी धरून ओढावयाची पेटी रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ च्या सुमारास काढली. चंद्रावर माणूस उतरल्यानंतर त्याच्या बॅगेस चाके आली! तोवर हमाल स्वस्त होते, आणि सामान वाहणारा व सामान भरणारा ही माणसे वेगळी होती, हे त्या विलंबाचे एक कारण असावे असे आम्हांस वाटते.

भरणाराविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. वर जितके प्रवास सांगितले त्यांत पुरुषांची नावे आली. दशम्या कोणी भाजल्या ते कोठे लिहिलेले नाही. प्रवास ठरवी पुरुष, आणि प्रवास शक्य करी बाई. रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) वाचताना न्यायमूर्तींच्या फिरतीमागे घरातल्या माणसांची किती तयारी असे याची थोडी कल्पना येते. एरवी ही सारी यादी गृहिणीच्या डोक्यात जन्मते आणि तेथेच राहते. कोणाला कोणती गोळी, कोणाला कोणते पांघरूण, कोणत्या मुलाला गाडी लागते, हे सर्व तिने लक्षात ठेवावयाचे. आणि एखादी वस्तू राहिली की विचारणा मात्र तिच्याकडे. सुटीचा पहिला विसावा घरातील एका माणसाला मुळीच मिळत नाही, ही गोष्ट आमच्या सुशिक्षित कुटुंबांनी मनावर घेतली पाहिजे.

म्हणून या इतिहासातून व्यवहाराचे म्हणून जे निघते ते थोडक्यात सांगतो. यादी कागदावर लिहावी, आणि ती घरातील सर्वांनी मिळून लिहावी. प्रथम ऋतू, मुक्काम, पैसा आणि मागे राहणारे घर यांची व्यवस्था करावी. कपड्यांचा विचार शेवटी. पैसा एका ठिकाणी ठेवू नये. हुंडी व कसा ही जुनी विभागणी आजच्या कार्डालाही लागू आहे. नाशवंत पदार्थ वर, टिकाऊ खाली. वृद्धांची औषधे व मुलांचा एक कपड्यांचा जोड कधीही मोठ्या पेटीत जाऊ देऊ नये. तो हातातल्या पिशवीत असावा. लहान मुलाच्या खिशात घरचा पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, कारण पत्र न पोहोचल्याची आणि निरोप चुकल्याची भीती यंत्रे सुधारली तरी संपलेली नाही. रेल्वेच्या शयनयान वर्गात माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते. परंतु तो नियम गाडीची मर्यादा सांगतो, आपल्या खांद्याची नव्हे. प्रत्येकाने जे स्वतः उचलून एक जिना चढू शकतो तेवढेच भरावे, दहा वर्षांच्या मुलानेही आपली लहान पिशवी आपण वाहावी, आणि एक चतुर्थांश जागा परतीसाठी रिकामी सोडावी. ‘असू द्यावे, लागले तर’ या सबबीखाली जी वस्तू पेटीत येते ती दोनदा तपासावी; आपण कशाला भितो ते तिच्यावरून कळते, आणि पुष्कळदा ते भय आजोबांच्या काळातले असते.

पाण्याच्या बाबतीत मात्र आम्ही हात आखडता घेण्याचा सल्ला देणार नाही. ते सर्वांत आधी भरावे आणि गरजेपेक्षा थोडे अधिक भरावे. डब्यात समोरच्या बाकावर कोणाची तरी मुले असतात, उन्हाळ्यात गाडी आडरानात थांबते, आणि त्यांची बाटली संपलेली असते. अशा वेळी नाव न विचारता पुढे करण्याइतके पाणी जवळ असणे, हे ओझे बाळगण्याजोगे आहे.